निळं रक्त आणि मिक्सरची मोटर: थ्रीडी संचाचे सात महिने

जुलैत आमच्या शाळेला विज्ञानाच्या थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा संच मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं खेडं, नववी-दहावीचे वर्ग पत्र्याच्या खोल्यांत. दुपारी इतका उजेड की भिंतीवर काही दिसेना. कापूस झाकायची ताडपत्री खिडक्यांना बांधली तेव्हा कुठे चित्र उमटलं. आत मात्र भट्टी. संच इंटरनेटशिवाय चालतो, हे फार बरं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक तास निघतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला विद्युत मोटरच्या धड्याला. इतकी वर्षं मी फळ्यावर चौकोन काढून बाण दाखवायचो आणि पोरं बाण पाठ करायची. इथे तारेचं कुंडल हळू फिरवता येतं, बाजूने बघता येतं. अर्धा फेरा झाला की दुभंगलेल्या कड्याचे अर्धे भाग ब्रश (कड्याला टेकून वीज पोचवणारे तुकडे) बदलतात, कुंडलातली विजेची धारा उलटते, म्हणून ते त्याच दिशेने फिरत राहतं. हे पहिल्यांदाच सगळ्या वर्गाला एकदम कळलं. तेवढ्यात एक जण उठला. त्याच्या बापाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. "सर, आमच्या विहिरीवरच्या मोटरीत तं ब्रशच नसते जी!" बरोबरच होतं. पंपाची मोटर एसीवर चालणारी, इंडक्शनची. तिला ब्रश लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने मिक्सरची जळालेली मोटर आणली. त्यात ब्रश होते, आणि कड्याचे दोन नाही, कितीतरी तुकडे. संचात हे कुठेच नाही.

तक्रार खरी रंगांची आहे. हृदयाच्या चित्रात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त निळं दाखवलंय. पाठ्यपुस्तकातही तसंच असतं, पण हलतं चित्र डोक्यात जास्त रुतून बसतं. चाचणीत अर्ध्या वर्गाने लिहिलं, शिरांतलं रक्त निळं असतं. ते असतं गडद लालच. शेवटी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणून कापलं. डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत उजव्यापेक्षा किती जाड, ते पोरींनी बोटाने चाचपून पाहिलं. पडद्यावर दोन्ही सारख्याच वाटल्या होत्या.

मराठी निवेदन हिंदीवरून केलेलं दिसतं. आपली चेतापेशी तिथे 'तंत्रिका पेशी' होते. मी आवाज बंद करून स्वतःच बोलतो. वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असायचा, त्यांना नंतर तोच भाग पुन्हा दाखवता आला, ही सोय मात्र फळ्याला नाही.

सूर्यमालेत सगळे ग्रह लाडवांसारखे जवळजवळ मांडलेत. म्हणून मैदानावर चुन्याने एक मीटर व्यासाचा सूर्य काढला. या मापाने पृथ्वी 9 मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी, आणि सूर्यापासून सुमारे 107 मीटरवर. हरभरा घेऊन पोरगा कुंपण ओलांडून पऱ्हाटीत गेला, तिथून हात हलवला. परत आला तेव्हा पृथ्वी खाऊन झाली होती.