साठ देणगीदारांचे साठ प्लॅन: वर्षभर वापरून पाहिलेली एक सेवा

देणगीदारांसाठी वैयक्तिक प्लॅन आखून देणाऱ्या एका सल्लागार सेवेला पाचातले तीन तारे देतेय. दोन का कापले ते पुढे येईलच.

आमची संस्था छोटी आहे. अंध वाचकांसाठी आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. देणगीदारांचं काम मी बघते, मदतीला अर्धा दिवस येणारा एक मुलगा आहे. गेल्या वर्षी बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलं, ‘‘मागच्या वर्षी ज्यांनी दिलं, त्यातल्या कितीजणांनी यंदा दिलं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावत्यांची एक्सेल होती, माणसांची नव्हती. रात्री बसून मोजलं, तर निम्मेसुद्धा परत आले नव्हते. अमेरिकेतल्या फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्टचे अहवाल नंतर पाहिले. तिथेही निम्म्याहून कमीच देणगीदार पुढच्या वर्षी पुन्हा देतात, आणि पहिल्यांदा देणाऱ्यांत तर साधारण पाचातला एक. म्हणजे भोक आमच्याच बादलीला होतं असं नाही. पण बादली आमचीच.

मग ही सेवा घेतली. ‘प्रत्येक प्रमुख देणगीदारासाठी वैयक्तिक स्टुअर्डशिप प्लॅन’ असं तिचं वर्णन. स्टुअर्डशिप म्हणजे पैसे मागणं नव्हे. देणगी आल्यापासून पुन्हा मागायची वेळ येईपर्यंत जे करायचं ते सगळं: पावती, आभार, पैसे कुठे गेले त्याचा हिशेब, आणि माणूस लक्षात ठेवणं. आमच्या ऑफिसात त्याला ‘सांभाळ’ म्हणतात. सल्लागार मॅडमना तो शब्द आवडला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या सादरीकरणात होता.

आधी जे मनापासून आवडलं ते. कामाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला पंधरा देणगीदारांना फोन करायला लावले. पैशांचा विषय काढायचाच नाही, ही अट. प्रश्न तीन. पहिली देणगी का दिलीत? आमच्याकडून आलेलं शेवटचं काय आठवतंय? आणि काय पाठवणं बंद केलं तर चालेल?

मी इतकी वर्षं या कामात आहे आणि हे प्रश्न कधी विचारले नव्हते, हे लिहायला लाज वाटते. दुसऱ्या प्रश्नाला पंधरापैकी एकानेही आमच्या वार्षिक अहवालाचं नाव घेतलं नाही. त्या अहवालावर आम्ही दरवर्षी दोन महिने घालवतो. एका गृहस्थांना आठवत होती ती पावतीच्या मागे पेनने लिहिलेली ओळ: ‘तुमच्या पैशातून आलेला माइक आज पहिल्यांदा वापरला.’ ती आमच्या रेकॉर्डिस्टने लिहिली होती, मला न विचारता. मी तेव्हा त्याला पावतीवर काहीबाही खरडू नकोस म्हणून सांगितलं होतं!

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचा फोन तर चाळीस मिनिटं चालला. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांच्या ध्वनिमुद्रणासाठी त्या देणगी देतात. म्हणाल्या, ‘‘मला आभारबिभार नकोत. मुलं कुठल्या धड्यापाशी थांबतात, मागे जाऊन पुन्हा ऐकतात, ते सांगाल का? मला वर्गात तेच कळायचं.’’ ही माहिती आमच्या प्रणालीत पडून होती. कुणाला द्यावी असं कधी सुचलंच नव्हतं.

या फोनांवरून प्रत्येक माणसाचं एक पान तयार झालं. पान चांगलं आहे, हे मोकळेपणाने सांगते. वर ‘का देतात’, त्यांच्याच शब्दांत. खाली ‘काय नको’. मग वर्षातले संपर्क, महिना आणि जबाबदार माणसासकट. पावती आणि आभार यांच्यासाठी दोन वेगळे रकाने. पावती यंत्राने लगेच जावी, आभार माणसाने ४८ तासांत मानावेत. आमच्याकडे तोवर ‘आपले आभारी आहोत’ पावतीवरच छापलेलं असायचं, आणि तेवढ्यावर आभार उरकायचे.

आणखी एक चौकट आहे, ठरावीक कामासाठी दिलेल्या पैशांची: कशासाठी दिले, किती खर्च झाले, किती उरले. ती भरायला हिशेब बघणाऱ्या ताईंना बोलावलं आणि अर्ध्या तासात घाम फुटला. माइकसाठी आलेल्या एका देणगीतला काही भाग दोन वर्षं तसाच पडून होता. १९९३ साली अमेरिकेत निधीसंकलकांच्या संघटनांनी देणगीदारांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. देणगी ज्या कामासाठी दिली त्यासाठीच वापरली जाईल याची खात्री मिळणं हा त्यातला एक हक्क. ती सनद आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली आहे, हा भाग वेगळा. त्या देणगीदारांना फोन केला, खरं ते सांगितलं, उरलेल्या पैशातून खोलीला आवाजरोधक पत्रे लावू का म्हणून विचारलं. ते हसले आणि ‘‘लावा की’’ म्हणाले. चौकट नसती तर हा फोन झालाच नसता.

इथवर पाच तारे.

पुढे आली ती अंतिम फाइल, आणि तिथे गणित बिघडलं. साठ देणगीदार, प्रत्येकाला वर्षात सात ‘टचपॉइंट’. साठ गुणिले सात, चारशे वीस. वर्षात कामाचे दिवस धरा दोनशे चाळीस. म्हणजे रोज जवळजवळ दोन वैयक्तिक संपर्क, तेही दीड माणसाने, बाकीची कामं सांभाळून. पहिल्याच बैठकीत ‘तुमच्याकडे माणसं किती’ हे त्यांनी विचारून, लिहूनही घेतलं होतं. मग गेलं कुठे?

दुसरं, वर्गवारी. चार गट केले, तेही निव्वळ रकमेवर. टपालाने माल विकणाऱ्यांची एक जुनी रीत आहे, आरएफएम: शेवटचं कधी दिलं, कितीदा दिलं, किती दिलं. सादरीकरणात ती तीनही अक्षरं होती, प्लॅनमध्ये फक्त ‘किती दिलं’ एवढंच उरलं. त्यामुळे अकरा वर्षं दरमहा न चुकता छोटी रक्कम पाठवणारे एक कारकून तळाच्या गटात, म्हणजे त्या साठांच्या बाहेर गेले, ‘सामूहिक ईमेल, वर्षातून दोनदा’. या क्षेत्रात मुरलेली कुठलीही व्यक्ती सांगेल की मृत्युपत्रात संस्थेची आठवण ठेवणारे बरेचदा असेच असतात, थोडं देणारे आणि न सोडणारे. आणि तसं नसतं तरी अकरा वर्षं म्हणजे एकशे बत्तीस देणग्या हो! उलट त्या शिक्षिका बाई वरच्या गटात, म्हणून त्यांच्या वाट्याला नावाची पाटी आणि समारंभात सत्कार. त्यांच्याच पानावर ‘काय नको’ खाली ‘जाहीर उल्लेख’ असं लिहिलेलं आहे. पान लिहिणारा आणि गट पाडणारा यांची गाठ पडली नसावी.

माणसं कमी पडतात म्हटल्यावर उत्तर आलं: ऑटोमेशन. पहिल्या देणगीच्या वाढदिवसाला आपोआप मेल जाईल, रंगीत, फुग्यांचं चित्र असलेली. मी हो म्हटलं. ही चूक माझीसुद्धा.

एका तरुणाने आईच्या स्मरणार्थ देणगी दिली होती. ती गेली त्याच दिवशी. आई शेवटची काही वर्षं आमची पुस्तकं ऐकायची. वर्षाने, त्याच तारखेला, सकाळी नऊ वाजता त्याला आमची मेल गेली: ‘अभिनंदन! आजचा दिवस साजरा करू या!’

त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. ते इथे लिहीत नाही. मी फोन केला, तो उचलला गेला नाही. मग हाताने पत्र लिहिलं, सबबी न देता. कारण शोधलं तर अगदी साधं निघालं: त्यांच्या साच्यात देणगीदाराचे प्रकार व्यक्ती, कंपनी, प्रतिष्ठान एवढेच होते. स्मरणार्थ दिलेल्या देणगीला रकानाच नव्हता. आमच्याकडे जवळपास तिसरा हिस्सा देणग्या कुणाच्या तरी आठवणीतच येतात. तक्रार केल्यावर चार दिवसांत रकाना आला, दिलगिरीही आली, पण ती मलाच आली. ज्याला यायला हवी होती त्याचं काय, हे मीच निस्तरलं.

बारीकसारीक: फाइल पीडीएफमध्ये मिळाली, बदल करता येत नव्हते, ती शब्दागणिक पुन्हा टाइप करावी लागली. प्रशिक्षण ठीकठाक. एक सूचना मात्र सोन्यासारखी: पानावर असं काही लिहू नका, जे त्या माणसाने वाचलं तर तुम्हाला तोंड लपवावं लागेल. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि तिथे कुणीही स्वतःबद्दलच्या नोंदी संस्थेकडे मागू शकतो. कायदा असो नसो, त्या संध्याकाळी मी आमच्या जुन्या नोंदींतून ‘चिकट आहेत’, ‘बायकोशी बोलावं’ असले सहा शेरे पुसले. त्यातले चार माझेच होते.

आता काय चालू आहे? साठाचे चोवीस केले, साताचे चार. शहाण्णव संपर्क, आठवड्याला दोन. हे जमतं. कारकूनसाहेब चोवीसात आहेत. शिक्षिका बाईंना दर तिमाहीला एक तक्ता जातो: कोणता धडा किती वेळा मागे नेऊन ऐकला. मागच्या वेळी त्यांनी उलट टपाली कळवलं की प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा वाचणारा फार भरभर वाचतो, पुन्हा रेकॉर्ड करा. केला. रेकॉर्डिस्टला पावतीच्या मागे लिहायची रीतसर परवानगी आहे. फुग्यांची मेल बंद.

कुणी घ्यावी ही सेवा? ज्यांच्याकडे देणगीदारांसाठी निदान दोन पूर्णवेळ माणसं आहेत त्यांनी बेलाशक घ्यावी, फक्त गट कसे पाडणार ते आधी लेखी विचारावं आणि फाइल बदलता येईल अशीच मागावी. आमच्याएवढ्या संस्थेला पहिला आठवडा आणि ते एक पान पुरे. नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी तेच विचारलं, तेवढंच मिळेल का. सुटं देत नाही म्हणाले. बोलणी चालू आहेत.