पालिकेचे आरोग्य केंद्र: गरोदरपणातील नोंदणीपासून गोवर-रुबेलाच्या लसीपर्यंत

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात मी आमच्या वॉर्डातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवले. मुलगी आता दहा महिन्यांची आहे आणि तिच्या सगळ्या लसी तिथेच झाल्या आहेत. एवढ्या काळात माझे मत ठाम झाले आहे. लसीकरण आणि घरी येऊन होणारी तपासणी यांवर निर्धास्तपणे विसंबावे. मातृवंदना योजनेच्या अनुदानासाठी मात्र आईला स्वतःच पाठपुरावा करावा लागतो.

बाळंतपणाआधीची सेवा चोख होती. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी, धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या हे सारे मोफत मिळाले आणि माता-बाल संरक्षण कार्डावर त्याची नोंद होत गेली. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी गर्दी असते, तरी तो दिवस चुकवू नये.

मला सर्वाधिक मोलाची वाटली ती आशाताईंची गृहभेट. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येतात. बाळाला झोळीत ठेवून वजन करतात, काखेत थर्मामीटर लावून ताप पाहतात आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर थेट रुग्णालय गाठायला सांगतात. पहिलटकरणीच्या घरी जाणती बाई नसेल, तर या भेटींचा केवढा आधार वाटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

लसीकरणाच्या दिवशी सिस्टर कुपीवरील खुणेकडे पाहतात; उष्णतेने लस खराब झाली का, हे त्या खुणेवरून कळते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तरच ती लस वापरायची असते. मी विचारल्यावर त्यांनी ती खूण मलाही दाखवली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) डाव्या मांडीत देतात, सोबत पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाच्या विषाणूवरचे) थेंब असतात. न्यूमोकोकल (न्यूमोनियासारख्या आजारांवरची) लस सहा व चौदा आठवड्यांना आणि पुढे नवव्या महिन्यात मिळते. खासगी दवाखान्यात या एकाच लसीच्या डोसला काही हजार रुपये मोजावे लागतात. पेंटाव्हॅलंटनंतर मांडी सुजते आणि ताप येतो, तो बहुधा दोन दिवसांत उतरतो, तेव्हा घाबरून पुढचा डोस टाळू नये. लस दिल्यावर अर्धा तास थांबवून घेतात, ते योग्यच आहे. बीसीजी (क्षयरोगावरची लस) आणि गोवर-रुबेलाची कुपी तयार केल्यावर चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे या लसी बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच देतात. निघण्यापूर्वी वार विचारून घ्यावा. कांजिण्यांसारख्या काही लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्यांविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

आता प्रधानमंत्री मातृवंदना योजनेविषयी. पात्र आईला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. पैसे आधारशी जोडलेल्या आईच्याच खात्यात येतात आणि नेमके इथेच घोडे अडते. माझ्या आधारवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे, एवढ्या कारणाने अर्ज परत आला आणि पहिला हप्ता मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर पडला. वास्तविक ही रक्कम गरोदरपणातच हातात यायला हवी, कारण दूध, फळे आणि विश्रांती यांची गरज तेव्हाच असते. रांगेत माझ्या पुढे उभी असलेली बांधकामावरची एक मजूर बाई तर रोजंदारी बुडवून आली होती आणि तिला फक्त पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. लग्नानंतर नाव बदलणे आपल्याकडे सर्रास चालते. तेव्हा नोंदणीच्या दिवशीच आधार आणि पासबुक ताडून पाहून दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून घेणारा कर्मचारी प्रत्येक केंद्रात नेमावा, अशी माझी पालिकेला कळकळीची विनंती आहे. तोवर गरोदर मैत्रिणींनी दोन्ही कागदांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पहिल्या तपासणीआधी पाहून घ्यावे आणि बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, कारण दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी, दोन्ही लागतात.