पांगुळगाडा, लाकडी कड्या आणि गाणारा फोन : आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत आमचा मुलगा अकरा महिन्यांचा होता आणि घरात एकदम तीन खेळणी आली. आता तो एकोणीस महिन्यांचा आहे. त्यातली दोन अजून रोज हातात असतात, तिसरं मी स्वतः घराबाहेर काढलं.

आधी पांगुळगाडा. दीर बसायचा वॉकर आणणार होते, मी हट्टाने नको म्हटलं. त्यात मूल चवड्यांवर सरकतं आणि आपण वळेपर्यंत गॅसजवळ नाहीतर पायरीच्या तोंडाशी पोचलेलं असतं. कॅनडाने 2004 मध्येच अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आम्ही पाचोऱ्यात ओळखीच्या सुताराकडून उरलेल्या सागाच्या फळ्यांचा गाडा करून घेतला, सहाशे रुपयांत. तो ऑइलपेंट लावणार होता. मी लावू दिला नाही, कारण या वयात दांडा आधी तोंडात जातो. घरगुती रंगातल्या शिशावर 2017 पासून 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे, पण सुताराच्या डब्यात कोणता रंग आहे हे आपल्याला कसं कळणार? कडा पॉलिश पेपरने गोल करून घेतल्या आणि वर नुसतं खोबरेल तेल चोळलं.

पहिल्याच दिवशी चूक कळली. गाडा फार हलका होता. पोराने भार टाकला की गाडा पुढे पळायचा आणि हा हनुवटीवर. मग पुढच्या आसावर दोन किलो ज्वारीची पिशवी घट्ट बांधली, तेव्हा गाडा त्याच्या पावलाने चालू लागला. तो पडला की मी धावायचे आणि सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "पडू दे त्याले, पडीसनच शिकस पोऱ्या." तेराव्या महिन्यात त्याने दांडा सोडला. मे महिन्यात मात्र आपल्याकडच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसलं आणि एक चाक डुगडुगायला लागलं. सुताराने पाचर मारून दिली. तेव्हापासून दर रविवारी मी चारही चाकं हलवून बघते.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या, लाखेने रंगवलेल्या पाच लाकडी कड्या आणि दांडी ही माझी सगळ्यात आवडती खरेदी. दिवाळीत तो फक्त कड्या काढून फेकायचा आणि मला वाटलं पैसे वाया गेले. चौदाव्या महिन्यात एक कडी दांडीत गेली आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली कणीक तशीच ठेवून टाळ्या वाजवल्या. आता लहान-मोठी ओळखून लावतो, कधी कधी चुकतोही. मधल्या काळात त्याच कड्या बांगड्या झाल्या, भाकरी झाल्या. रंग अजून उतरलेला नाही.

या कड्यांवर आयएसआय शिक्का नाही, म्हणून नणंदेने हरकत घेतली होती. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून हाताने बनवलेलं खेळणं आपणच तपासायचं. सुटणारा तुकडा किती मोठा आहे, ते बघायचं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तुकड्यांची चाचणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीत होते. नळीत मावला तर तो घशात अडकण्याइतका लहान. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, त्यावरून अंदाज येतो.

तिसरा गाणारा फोन, मामाने प्रेमाने आणलेला. त्याला मात्र शिक्का असायलाच हवा होता, तो नव्हता. पहिले चार दिवस पोरगं त्याला सोडेना, नंतर बटण दाबून नुसतं बघत बसायचं. माझी तक्रार त्याची नाही. एकदा तो फरशीवर पडला, मागचं झाकण उडालं आणि बटणासारखा चपटा सेल माझ्या पायाशी घरंगळत आला. झाकणाला स्क्रूच नव्हता. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून सगळं सांगितलं, त्याने मनाला लावून घेतलं नाही. आता घरात सेलचं काहीही आलं तर आधी स्क्रू बघते.

स्टीलच्या वाट्या आणि डब्यांची झाकणं यांना पैसे पडले नाहीत आणि ती रोज लागतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलो तेव्हा पांगुळगाडाही टेम्पोत घातला. तिथे अंगणात झोके बांधलेले, पण हा आंब्याखालीच रमला. ज्वारीची पिशवी आम्ही सोडली आणि त्याने त्या जागी पडलेल्या कैऱ्या एकेक करून रचल्या. गाडा ओढत आजीच्या ओट्यापर्यंत आणला आणि तिच्या पदरात ओतला. मग पुन्हा आंब्याकडे.