तोंड आल्यावर ‘लेझर’चं पॅकेज विकणाऱ्यांपासून सावध

मला कॉलेजात असल्यापासून तोंड येतं. ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पिवळट खड्डा पडतो आणि भोवती लालभडक कड. ज्यांना हा त्रास नाही त्यांना वाटतं, एवढ्याशा फोडाचं काय कौतुक! त्यांनी असं तोंड घेऊन झणझणीत आमटीचा एक घास खाऊन बघावा. जाईचा पाला चघळून झाला, तूप लावून झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, बी कॉम्प्लेक्सची पाकिटं संपली. अशा माणसाला ‘तोंड येणं कायमचं बंद, लेझरने, एका महिन्यात’ अशी जाहिरात फोनवर रोज दिसायला लागली तर तो जाणारच. मी गेले. पुण्यातला चकचकीत दवाखाना होता. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

तिथे आधी डॉक्टर भेटत नाहीत, काउन्सेलर भेटते. तिने टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. अठरा हजार, पण ‘ताई, आज भरलेत तर बारा’. पैसे भरल्यावर डॉक्टर आले. अर्धा मिनिट तोंडात बघितलं. किती वर्षं येतं, किती दिवसांनी येतं, पोट कसं असतं, कुठली औषधं चालू आहेत, टूथपेस्ट कोणती, काही विचारलं नाही. फोडावर ‘लेझर जेल’ लावलं आणि पिस्तुलासारखं एक यंत्र जवळ धरलं. निळा प्रकाश, पुढे नारिंगी पारदर्शक झाकण, थोड्या थोड्या वेळाने ‘टीं’ असा आवाज. दोन मिनिटांत काम संपलं. आग खरोखर थांबली होती. ओठही बधिर झाला होता, तो जेलमुळे, हे नंतर कळलं. दुकानात मिळणाऱ्या बधिर करणाऱ्या जेलनेही हेच होतं.

पुढच्या सिटिंगांमध्ये फोड भरत गेला. प्रत्येक वेळी ‘बघा, लेझरचा गुण!’ सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. नेहमीचा छोटा फोड, म्हणजे एक सेंटीमीटरपेक्षा लहान, काहीही न करता 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतो आणि डागही ठेवत नाही. त्या दोन आठवड्यांत मला खुर्चीत बसवून नुसता छताचा पंखा दाखवला असता तरी तो भरलाच असता. पुन्हा तोंड आलं तेव्हा मला सांगण्यात आलं की ‘तुमची बॉडी हट्टी आहे’, आणि मेंटेनन्स पॅकेज पुढे आलं.

खरा प्रकार उघड झाला तो दाढेमुळे. घराजवळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे दाढ भरायला गेले, तर त्यांनी हुबेहूब तेच पिस्तूल हातात घेतलं. तोच निळा प्रकाश, तीच ‘टीं’. मी म्हटलं, “डॉक्टर, तुम्हीही लेझर घेतलंत?” ते हसले. “अहो, हा क्युअरिंग लाइट. दातात भरलेलं मटेरियल घट्ट करायला वापरतात. प्रत्येक डेंटिस्टकडे असतो, काही हजारांत मिळतो.” मग मी सगळं सांगितल्यावर ते हसायचे थांबले.

त्यांनी जे समजावलं ते इथे देते, कारण खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हालाही तपासता येईल. लेझर ही थाप नाही. तोंडातल्या फोडांवर ते खरंच वापरतात. दातांच्या दवाखान्यात सहसा डायोड लेझर असतो, 810, 940 किंवा 980 नॅनोमीटरचा (हे किरणांच्या तरंगलांबीचं माप). हा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, दिसतो तो फक्त नेम धरायचा लाल ठिपका. कमी शक्तीवर, फोडाला न टेकवता तो फिरवतात आणि वेदना बऱ्याचदा लगेच उतरते. निळ्या किरणांचे, 445 नॅनोमीटरचे लेझरही आता आलेत, त्यामुळे निव्वळ रंगावर जाऊ नका. चष्मा बघा. लेझर चालू असताना डॉक्टर, मदतनीस आणि पेशंट तिघांनाही त्या त्या किरणांसाठीचा खास चष्मा लागतो. यंत्राला प्रकाश नेणारी तारेसारखी बारीक फायबर असते, चालू करायला किल्ली किंवा पासवर्ड असतो, तातडीने बंद करायचं लाल बटण असतं. त्या पॅकेजवाल्या दवाखान्यात आम्हाला कुणालाच चष्मा नव्हता.

आणि खरा लेझरसुद्धा आज आलेल्या फोडाचं दुखणं कमी करतो. पुढच्या महिन्यात येणारा फोड तो अडवत नाही. ‘कायमचं बंद’ म्हणणारा डॉक्टर खऱ्या यंत्राने काम करत असला तरी तुम्हाला फसवतोय.

माझ्या बारा हजारांपेक्षा मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तिथे वेटिंगमध्ये एक मावशी भेटायच्या. वर्षानुवर्षं मिश्री लावायची सवय. गालात आत एक जखम, दोन महिने झाले तरी भरत नव्हती आणि फारशी दुखतही नव्हती. त्यांनाही तेच पॅकेज विकलं होतं. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, त्यातून तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय, म्हणजे आधी तपासणी आणि गरज पडली तर तुकडा काढून बायोप्सी. तिच्यावर कसलाही प्रकाश मारत बसणं म्हणजे कॅन्सर असेल तर त्याला वाढायला वेळ देणं. हे सगळं कळल्यावर मी त्यांच्या मुलाला फोन करून सरकारी दंत महाविद्यालयात न्यायला सांगितलं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी महाविद्यालयं आहेत. तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खाजगीच्या मानाने अगदी थोडा.

माझ्या बाबतीत जुन्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी 12, फोलेट. बी 12 आणि लोह दोन्ही तळाला गेलेलं निघालं. शाकाहारी घरात हे इतकं सर्रास असूनही पॅकेजवाल्यांना विचारावंसं वाटलं नाही. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणणारं रसायन, नसलेली टूथपेस्ट सुचवली, काहींना तिने फरक पडतो. फोड आलाच तर लावायला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची पेस्ट लिहून दिली. तोंड अजूनही येतं, पण पूर्वीसारखं नाही.

पैशांचं म्हणाल तर, पावतीवर ‘ओरल थेरपी’ एवढंच लिहिलं होतं. यंत्राचं नाव आणि मॉडेल लिहून द्या म्हटल्यावर टाळाटाळ सुरू झाली. न झालेल्या सिटिंगचे पैसे परत आले, बाकीच्यासाठी ‘आधी ऑनलाइन टाकलेला रिव्ह्यू काढून टाका, मग बघू’. काढलेला नाही. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. चौकशीसाठी 1915 हा क्रमांक आहे. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार मात्र वेगळी, राज्य दंत परिषदेकडे. त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. माझ्या पावतीवर तो नव्हता, दवाखान्यातल्या बोर्डाचा फोटो काढून आणावा लागला. दोन्ही अर्ज गेलेत, तारीख अजून लागायची आहे.