सोळा भाग आणि उचकीवालं हसू

पहिला भाग लागला तेव्हा आम्ही पाच जण टीव्हीसमोर बसलो होतो. सोळावा मी एकटीने पाहिला, तोही कपड्यांना इस्त्री करता करता. खरं तर चार महिन्यांचा अनुभव एवढ्यात सांगून झाला, पण इतका वेळ घातलाच आहे तर सविस्तर लिहिते. मालिकेचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना पुढच्या चार ओळींत कळेलच.

रेल्वे स्टेशनवरचं हरवलं-सापडलं खातं. नव्याने बदलून आलेली साहेबीण, तिथेच केस पिकलेला कारकून, कामात लक्ष नसलेला शिकाऊ पोरगा आणि दर पाच मिनिटांनी दार ढकलून आत येणारी सफाईवाली. कल्पना ऐकूनच मी खूश झाले होते. माणसं काय काय विसरून जातात! प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट, आणि ती न्यायला येणारा दर आठवड्याला नवा. शिवाय एकच खोली, त्यामुळे चौघांना एकमेकांपासून सुटका नाही. सिटकॉमला, म्हणजे अशा विनोदी मालिकेला, आणखी काय हवं?

तिसऱ्या भागाला वहिनी उठली. "हे लोक विनोद करताहेत की विनोद केल्याची नोंद करताहेत?" असं म्हणून आत गेली, ती पुन्हा आलीच नाही. भाच्याने दीडपट वेगाने बघायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं, तसं पाहिलं की जरा बरं वाटतं. तेव्हा मी त्याला हसले, पण पोरगं बरोबर होतं. ते पुढे सांगते. दादाचा एकच धोशा: "थांबा जरा, मालिकेला सूर सापडायला वेळ लागतो."

आणि त्याला दारूगोळा मीच पुरवत होते. 'चीअर्स' ही अमेरिकन विनोदी मालिका 1982च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा प्रेक्षकसंख्येच्या यादीत पार तळाला होती, पुढे अकरा सीझन चालली. तशाच 'साइनफेल्ड' मालिकेचा पहिला भाग 1989 साली चाचणीच्या प्रेक्षकांना आवडला नव्हता, आणि पहिला सीझन जेमतेम पाच भागांचा होता. हे दाखले मी सगळ्यांना ऐकवून ऐकवून त्यांचे कान किटवले.

दहाव्या भागानंतर कंटाळून मी 'चीअर्स'चे सुरुवातीचे भाग पुन्हा काढले आणि ओशाळले. ती मालिका वाईट नव्हतीच, तिला फक्त प्रेक्षक नव्हते. 1983 साली, म्हणजे पहिल्याच सीझनला, तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. मी इतके दिवस दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत होते. लोकांनी न बघणं निराळं आणि बघण्यासारखं नसणं निराळं. सुधारण्याचं उदाहरणच द्यायचं तर अमेरिकन 'द ऑफिस'चं द्यावं. 2005चा पहिला सीझन सहा भागांचा, त्यातला पहिला भाग तर मूळ ब्रिटिश मालिकेवरून जवळपास जसाच्या तसा उचललेला. साहेब नुसता किळसवाणा. दुसऱ्या सीझनपासून लेखकांनी त्याला जरा माणसात आणलं. आपण सगळ्यांना आवडावं म्हणून तो किती केविलवाणी धडपड करतो हे दिसायला लागलं, आणि मग त्याच मूर्खपणावर हसू यायला लागलं. म्हणजे कोणीतरी बसून पात्राला हात घातला. नुसता वेळ गेल्याने काही झालं नाही.

आमच्या साहेबिणीला काय हवंय ते मला सोळा भागांनंतरही सांगता येणार नाही. बढती? बदली? कारकुनाने एकदा तरी "बरोबर आहे मॅडम" म्हणावं? पाचव्या भागात ती शिस्तीची, सातव्यात वेंधळी, अकराव्यात एकदम प्रेमात. त्या आठवड्याच्या विनोदाला जी बाई लागते ती होते. अभिनेत्रीचा दोष नाही, तिच्या हातात काही दिलेलंच नाही.

आता हशाबद्दल. टेपवरच्या हशावर, म्हणजे विनोदामागे वाजवतात त्या आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या हसण्यावर, माझा सरसकट राग नाही. खरे प्रेक्षक समोर बसवून तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करायची पद्धत 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन मालिकेने 1951 साली रुळवली. तिथे नट थांबतो, कारण समोर माणसं खरोखर हसत असतात. पुढे 1950च्या दशकातच चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाचं यंत्र बनवलं. टाइपरायटरसारखी बटणं, दाबाल तसं हसू. तेव्हापासून हसवायची जबाबदारी वाटून घेता येऊ लागली. आमच्या मालिकेने ती पुरतीच यंत्रावर टाकली आहे. सफाईवाली दार उघडते, हशा. पोरगा खुर्चीत बसतो, हशा. वाक्य संपलं की प्रत्येक जण तीन सेकंद गप्प उभा, कुठे बघावं ते न कळलेला. भाच्याच्या दीडपट वेगात हीच पोकळी दोन सेकंदांवर येते, एवढंच त्याचं गुपित.

आणि त्या हशात एक बाई आहे. हसता हसता तिला शेवटी बारीक उचकी लागते. तिसऱ्या भागात मला ती पहिल्यांदा ऐकू आली. सातव्यात पुन्हा, तीच उचकी. मग मी कान देऊनच बसायला लागले. बाराव्या भागात ती चार वेळा येते, त्यातली एकदा एक म्हातारा बायकोची छत्री शोधायला आलेला असताना. बायको जाऊन महिना झालाय हे तो नुकताच सांगतो, साहेबीण "मग छत्री कोणाला हवीय?" असं काहीतरी बोलते, आणि ही बाई हसते. युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकन विनोदी मालिका 'मॅश' बनवणाऱ्यांना हशा मुळातच नको होता. चॅनेलने लादला, तरी निदान शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत त्यांनी तो येऊ दिला नाही. इथे तेवढंही कोणी भांडलेलं दिसत नाही.

याच मालिकेने आम्हाला एकदा पोट दुखेपर्यंत हसवलंय, म्हणून जास्त चिडचिड होते. सहावा भाग. बाकावर कवळी सापडते. कारकून नोंदवही उघडतो आणि अडतो. कुठल्या रकान्यात लिहायची? वैयक्तिक वापराची वस्तू, की अवयव? पोरगा म्हणतो, चष्मा वस्तूत लिहिता ना. कारकून म्हणतो, चष्म्याने कोणी चावत नाही. मग तो पेन खाली ठेवतो, कवळीकडे बघतो, आणि अतिशय आदराने वहीचा नवा रकाना आखायला पट्टी शोधू लागतो. पट्टी सापडत नाही. हरवलं-सापडलं खात्यात पट्टी हरवली आहे. या मिनिटभरात टेपवरचा हशा एकदाही नाही, बहुधा लावायला विसरले असावेत. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या प्रसंगात सफाईवाली कवळीवर बसते आणि सगळं पूर्वपदावर.

बाकी दिवाणखान्यातून निघालेल्या तक्रारी किरकोळ आहेत. शीर्षकगीत लांबलंय, स्टेशन असून गाडीचा आवाज येत नाही, पोरग्याचे कपडे दर भागात नवे कोरे. चांगल्या मालिकेत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

सोळाव्या भागात ती उचकी पहिल्या दोन मिनिटांतच आली. "आलीस?" मी इस्त्री फिरवता फिरवता म्हटलं, आणि माझ्याच बोलण्याचं मला हसू आलं. त्या भागातलं तेवढंच. सतरावा रेकॉर्डिंगला लावलेला नाही. कारकुनाने पुन्हा कधी नोंदवही उघडली तर मात्र कोणीतरी कळवा, तेवढा तुकडा मी नक्की बघेन.