नऊ महिन्यांनंतर: कागदकामाच्या सामानाची टिकलेली आणि मोडलेली मांडणी

मी घरच्या घरी शुभेच्छापत्रे, क्विलिंगची (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली) चित्रे आणि भेटवस्तूंची लहान खोकी तयार करतो. नऊ महिन्यांपूर्वी या कामाचे सगळे सामान एका टेबलाभोवती नीट लावायचे ठरवून मी एक लाकडी कपाट, सहा खणांची प्लॅस्टिकची ट्रॉली, कागद उभे ठेवण्याचे चार होल्डर, एक पेगबोर्ड (हत्यारे टांगायचा भोकांचा फलक), लोहचुंबकी शीट आणि झाकणाचे बरेचसे पारदर्शक डबे एकदमच घेतले. एकदमच घेतले, ही पहिली चूक होती. पण ती कळायला दीड महिना जावा लागला.

कपाटापासून सुरुवात करतो, कारण त्याने सर्वांत आधी दगा दिला. स्क्रॅपबुकिंगचा, म्हणजे फोटोंचे सजवलेले अल्बम करण्याचा, कागद सहसा १२ इंच चौरस असतो, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. कपाटाच्या वर्णनात खोली ३२ सेंटिमीटर दिली होती आणि मी निश्चिंत झालो होतो. हे माप बाहेरचे होते. मागची फळी आणि दाराची जाडी वजा जाता आत बरोबर ३० सेंटिमीटर उरले आणि अर्ध्या सेंटिमीटरसाठी एकही कागद सरळ आत जाईना. तिरपा घातला तर कोपरा दुमडत होता. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा ‘माप वर्णनाप्रमाणेच आहे’ असे उत्तर आले, आणि ते खोटेही नव्हते. तेव्हापासून कोणतीही वस्तू घेण्याआधी मी आतले माप विचारतो आणि १२ इंची कागदासाठी किमान ३२ सेंटिमीटर मोकळी जागा धरतो, कारण कागद बाहेर काढायला बोटे जावी लागतात. ए४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असल्यामुळे त्याची अडचण आली नाही. ते कपाट आता पूर्णपणे ए४ कागदाकडे आहे.

ट्रॉलीबाबत माझा अंदाज चुकला तो वजनात. कागदावर लिहिलेला जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. ए४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग असल्याने २२० जीएसएमचा एक कागद पावणेचौदा ग्रॅमचा होतो, आणि असे पाचशे कागद जवळजवळ सात किलो भरतात. हा हिशेब मी नंतर केला. आधी मी वरच्या खणात असे पाच गठ्ठे हौसेने रचले, तीन आठवड्यांत खणाचा तळ मध्यभागी खचला आणि एके संध्याकाळी तो रुळावरून सुटून माझ्या मांडीवर आला. त्यानंतर जाड कागद सर्वांत खालच्या खणात आला आणि वरच्या खणांत क्विलिंगच्या पट्ट्या, रिबिनी, मणी अशी हलकी मंडळी गेली. तेव्हापासून ट्रॉलीविषयी तक्रार नाही.

कागद आडवा ठेवावा की उभा, यावर मी बराच काळ घुटमळलो. आडव्या गठ्ठ्यात कागद सपाट राहतो, पण खालचा रंग हवा असेल तर वरचे सगळे उचलावे लागते, आणि आळशी माणूस वरचाच रंग वापरतो; माझी पहिल्या महिन्यातली जवळजवळ सगळी शुभेच्छापत्रे त्यामुळे निळी झाली. उभ्या होल्डरमध्ये सगळे रंग एका नजरेत दिसतात. मात्र होल्डर अर्धवट भरलेला असला की कागद हळूहळू खाली घसरतो आणि त्याला कायमची कमान येते. यावर दोन मिलिमीटरचा ताठ पुठ्ठा प्रत्येक रंगगटामागे उभा करणे हा उपाय मला लागू पडला. पुठ्ठ्याची वरची कड कागदापेक्षा दोन बोटे उंच ठेवली आणि तिच्यावर त्याच रंगाची पट्टी चिकटवली, म्हणजे आधारही झाला आणि खूणही झाली. २०० जीएसएमच्या वरचा कागद असा उभा राहतो. पातळ नक्षीकागद आणि टिशू मात्र मी आडवेच ठेवतो.

दमट हवेने मला सर्वांत जास्त शिकवले. कागदाचे तंतू ओलावा शोषून लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. त्यामुळे गठ्ठ्याच्या ज्या बाजूला हवा लागते ती बाजू आधी वाकते. मी उघड्या खणांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून समाधान मानले होते, पण उघड्या खणातली पुडी सगळ्या खोलीची हवा कोरडी करायला निघालेली असते, तिचे काय चालणार? आता घट्ट झाकणाच्या डब्यांतच रंग बदलणारी सिलिका जेल आहे, आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरतो. शेजारी एक लहान आर्द्रतामापक आहे. तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला की कागद शहाण्यासारखा वागतो. भिंतीला लागून ठेवलेल्या एका खोक्यात कसर निघाली, तेव्हा खोके टाकून दिले आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. खिडकीसमोरच्या पेगबोर्डावर शोभेसाठी लटकवलेल्या गुलाबी कागदाची उघडी बाजू दोन महिन्यांत फिकी पडली, ती माझीच हौस.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो, आणि ते म्हणजे कात्रणे. अखंड कागद कुठेही ठेवता येतो. मांडणी मोडते ती उरलेल्या तुकड्यांनी. फेकायला जीव होत नाही आणि शोधायला वेळ नसतो. चार सेंटिमीटरचे पान कापण्यासाठी मी हिरवा नवा कागद कापत होतो आणि पायाशी हिरव्या तुकड्यांनी भरलेली पिशवी होती. तिसऱ्या महिन्यात मी मापाचा नियम केला. अर्ध्या ए४ पेक्षा मोठा तुकडा पुन्हा मूळ रंगाच्या गटात, सर्वांत पुढे जातो. पाच सेंटिमीटर चौरसापेक्षा लहान तुकडा रद्दीत जातो, कितीही सुंदर असला तरी. मधले सगळे रंगानुसार पारदर्शक पाकिटांत, आणि ती पाकिटे बुटांच्या खोक्यात कार्डांसारखी उभी. पाकिटे मात्र पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. आधी घेतलेल्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांना वास येत होता आणि छापील कागद आतून चिकटत होता. प्रत्येक रंगाला एकच पाकीट, ही अट महत्त्वाची आहे. ते फुगले की नवे पाकीट आणायचे नाही, बसून चाळायचे. मागच्या आठवड्यात एका शुभेच्छापत्रावरची वेल, सात पाने आणि दोन कळ्या, मी पूर्णपणे हिरव्या पाकिटातून कापली. मोजून पाहिले तर पाच वेगवेगळ्या हिरव्या छटा निघाल्या, ज्या मी नव्या कागदांतून कधीच एकत्र निवडल्या नसत्या.

डाय, म्हणजे कागदातून आकार कापण्याचे साचे, पोलादी असल्याने चुंबकी शीटवर छान बसतात. अगदी पातळ शीट मोठ्या डायना उभ्या स्थितीत धरू शकली नाही, म्हणून मोठे डाय आडव्या खणात आणि लहान डाय पाकिटात उभे, अशी विभागणी केली. पारदर्शक स्टॅम्प (शाईने उमटवायचे ठसे) धुऊन, पुसून, पारदर्शक शीटवर चिकटवून ठेवतो. पंच, म्हणजे दाबून कागदातून आकार कापणारी हत्यारे, जड असतात आणि त्यांना खण आवडत नाहीत. ते टेबलाखालच्या उघड्या फळीवर आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याने कापलेला आकार चिकटवला आहे.

अल्कोहोल मार्कर दोन्ही टोकांना शाई पोचावी म्हणून आडवे, बारीक तोंडाच्या गोंदाच्या बाटल्या मात्र उलट्या, ओल्या स्पंजच्या तुकड्यावर, म्हणजे तोंड सुकत नाही. दर आठवड्याला स्पंज धुवावा लागतो, नाहीतर त्याला बुरशी येते. कटिंग मॅट कपाटामागे उभी ठेवली होती, ती वाकली. आता टेबलावरून हलवत नाही. कटरची मोडलेली पाती झाकणाच्या छोट्या डब्यात टाकतो, आणि त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहिले आहे.

पेगबोर्ड परत घेईन का, असे कोणी विचारले तर मी नाही म्हणेन. कात्री, बोन फोल्डर (कागदाची घडी दाबायचे हत्यार), पट्टी आणि चिमटा एवढीच रोजची हत्यारे आहेत आणि ती टेबलावरच्या एका पेल्यात मावतात. बाकी बोर्डावर धूळ बसते. लेबलांच्या बाबतीतही मला एक गोष्ट मागे घ्यावी लागली: एका खणावर मी ‘इतर’ असे लिहिले होते, आणि तो खण सगळ्यांत आधी भरला. आत ग्लिटरची गळकी पुडी, अर्धवट डबल टेप आणि कशाचेतरी तीन स्क्रू निघाले. लेबल काढून टाकले आहे. त्या खणात आता फक्त ग्लिटर कागद आहे, तोही वेगळ्या पाकिटात, कारण त्याची चमक शेजारच्या प्रत्येक कागदावर उतरते.