जाड स्टॅबिलायझर बार: पुढे की मागे?

गगनबावड्याच्या घाटात छोटी गाडी वळणावर फार झुकते, म्हणून जाड स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं रोखणारा स्टीलचा दांडा) घालायचाय? मग आधी बाजू ठरवा.

अशा बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. पुढचा भरीव बार 22 ऐवजी 24 मिमीचा घातला, तर त्याचा कडकपणा सुमारे 42 टक्के वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. झुकणं कमी होतं खरं, पण जोरात वळताना गाडीचं नाक वळणाच्या आणखीच बाहेर जातं. शिवाय बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) खाली घ्यावी लागते, आणि मग चाकांचे कोन जुळवणं, म्हणजे अलाइनमेंट, आलंच.

मागचा बार ट्विस्ट बीमवर (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) बोल्टने बसतो. काम सोपं, नाक आत वळतं, खर्चाचं चीज होतं. आमचं मत याच बाजूने. मात्र आपल्याकडचा पाऊस विसरू नका: ओल्या उतारावर वळणातच एक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू घसरू शकते. मागचे टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला.

पुढच्या बाराच्या लिंकचे (बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) नट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. चाकं हवेत असताना आवळले तर रबरी बुश (जोडांमधले गादीसारखे तुकडे) पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिक) बुशना सिलिकॉन ग्रीसच लावा, नाहीतर खड्ड्यागणिक करकर सुरू होते. थोडं चालवल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा.